जिवावरचं मनगटावर निभावलं, तरी भीती का जात नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. धाकटा भाऊ, वय ३१. चार महिन्यांपूर्वी पुणे–नाशिक रस्त्यावर मोटारसायकलला टेम्पो घासून गेला. गाडी भाऊ चालवत होता, मागे मित्र बसला होता. भावाच्या डाव्या मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर होतं, त्याच संध्याकाळी घरी सोडलं. मित्राच्या मांडीचं हाड मोडून रॉड टाकावा लागला, पोटालाही मार होता, बारा दिवस ॲडमिट होता. मित्राला धडक आठवत नाही, एकदम ॲम्ब्युलन्समधलं आठवतं. भावाला सगळं आठवतं, टेम्पोचं मागचं चाक डोक्यापासून हातभर अंतरावरून गेलं तेसुद्धा. आज मित्र काठी टेकत कामावर जातो. भाऊ मात्र गाडीला हात लावत नाही, रात्री दचकून उठतो, मागून हॉर्न वाजला की अंग चोरतो, घरच्यांवर खेकसतो. वडील म्हणतात, "ज्याचा पाय मोडला तो उभा राहिला, आणि तू मनगटासाठी नाटकं करतोस." हे नाटक आहे का, आणि आता काय करायचं?

नाटक नाही. जखम मोठी तर धक्का मोठा, जखम लहान तर धक्का लहान, हा वडिलांचा हिशेबच चुकलेला आहे. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण हाच हिशेब हाडांच्या ओपीडीत, ऑफिसात आणि विम्याच्या टेबलावरही रोज मांडला जातो. शेवटच्या एक्स-रेत हाड जुळलेलं दिसलं की फाईल बंद होते. त्यानंतर त्या माणसाला झोप लागते का, हे कुणी विचारत नाही.

जखमेची तीव्रता अंकात मोजायची एक पद्धत १९७४ पासून जगभर वापरली जाते. प्रत्येक जखमेला १ ते ६ पैकी अंक मिळतो. शरीराचे सहा भाग धरतात, सर्वांत जास्त मार लागलेल्या तीन भागांतला एकेक मोठा अंक घेऊन त्यांचे वर्ग करतात आणि बेरीज मांडतात. जास्तीत जास्त ७५, आणि १५ च्या वर गेलं की गंभीर. तुमच्या भावाचं मनगट साधारण २ अंकांचं, म्हणजे बेरीज ४. मित्राची मांडी ३ अंकांची, पोटाचा मार २ धरला, तर ९ अधिक ४ म्हणजे १३. कागदावर मित्र भावाच्या तिपटीहून जास्त जखमी. पण ही मोजपट्टी एकाच प्रश्नासाठी बनवली आहे: हा माणूस जगेल का? टेम्पोचं चाक किती जवळून गेलं हे तिला कळत नाही. म्हणूनच अपघातग्रस्तांच्या मानसिक लक्षणांशी हा आकडा ताडून पाहिला की संबंध सहसा कमजोर निघतो. अगदी शून्य नसतो, पण त्यावरून एखाद्या माणसाचं भाकीत करता येत नाही.

वेदनेबाबतही हेच दिसलं होतं. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर या अमेरिकन भूलतज्ज्ञाने इटलीतल्या आघाडीवरच्या गंभीर जखमी सैनिकांना वेदनाशामक हवं का असं विचारलं, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश जणांनी नको म्हटलं. त्यांच्यासाठी जखमेचा अर्थ "युद्ध संपलं, घरी चाललो" असा होता. जखमेचा अर्थ काय लागतो, यावर पुढचं बरंच ठरतं.

मग मन कशावर ठरतं? ऑक्सफर्डमध्ये रस्ता अपघातानंतर रुग्णालयात आलेल्या ९६७ जणांचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांनी त्यांतल्या २३ टक्क्यांना आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे पीटीएसडी, होता. वर्षाने साडेसोळा टक्क्यांना. यातल्या बहुतेकांच्या जखमा मोठ्या नव्हत्या. त्रास कुणाचा टिकला? त्या क्षणी "आता मेलो" असं ज्यांना वाटलं. जे सगळं स्वप्नात घडतंय किंवा दुसऱ्या कुणाला होतंय अशा सुन्न अवस्थेत गेले. ज्यांना आधी कधी मानसिक त्रास झाला होता. आणि नंतर ज्यांनी आठवण दाबून ठेवायचा प्रयत्न केला, "मीच का, मी ब्रेक आधी का नाही दाबला" हे घोळवत राहिले, ज्यांचं दुखणं आणि पैशांची ओढाताण चालू राहिली.

आता हे तुमच्या भावावर लावून पाहा. तो पूर्ण शुद्धीत होता, चाक बघत होता. हँडल त्याच्या हातात होतं, म्हणजे मित्राच्या पायातला रॉड त्याला रोज आपल्या नावावर दिसतो. मित्राला धडक आठवतच नाही. (बेशुद्ध होता म्हणून मन वाचलं, असा नियम मात्र करू नका. डोक्याला सौम्य मार लागलेल्यांमध्ये पीटीएसडी उलट जास्तही दिसतो. आठवणीतली पोकळी मन कधी कधी भीषण कल्पनांनी भरून काढतं.)

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती तुमच्या हातात आहे. मित्राच्या उशाशी बारा दिवस माणसं होती. नातेवाईक शहाळी घेऊन आले, बायकोने रजा काढली, ऑफिसने पगार दिला, फिजिओ रोज येऊन "आज दोन अंश जास्त वाकला" असं सांगत होता. त्याचं दुखणं सगळ्यांना दिसत होतं आणि सुधारणाही दिसत होती. भावाला काय मिळालं? "थोडक्यात निभावलं, देवाने वाचवलं, आता विसर." हे प्रेमानेच म्हटलेलं असतं. पण ऐकणाऱ्याला त्यातून एकच कळतं, की आपल्याला काही होण्याचा हक्कच नाही. आघातानंतरच्या त्रासाचं भाकीत करणाऱ्या घटकांचा २००० साली एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात नंतरच्या आधाराचा अभाव हा सर्वांत जोरकस घटकांपैकी एक निघाला.

तिसरं म्हणजे वेदना. डावं मनगट, म्हणजे क्लचचा हात. पिळलं की कळ येते, कळ आली की अपघात आठवतो, आठवला की स्नायू आवळतात, आवळले की कळ वाढते. वेदना आणि पीटीएसडी एकमेकांना असं खतपाणी घालतात. त्यामुळे "आता हाड जुळलंय, थोडं दुखणारच" यावर थांबू नका. मनगटाची हालचाल आणि मुठीची पकड फिजिओकडून मोजून घ्या, दुखणं आटोक्यात आणा. मनाच्या उपचारातला तो अर्धा पाया आहे.

आता करायचं काय. पहिल्या महिन्यात दचकणं, स्वप्नं, चिडचिड हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. तेव्हा घाई करायची नसते. तुमच्याकडे चार महिने झालेत आणि कामधंद्यावर परिणाम आहे, म्हणून इथे वाट पाहण्यात राम नाही.

आधी डोक्याकडे बघा. पडताना हेल्मेट होतं तरी मेंदूला हादरा बसू शकतो, आणि चिडचिड, झोप बिघडणं, लक्ष न लागणं ही त्याचीही लक्षणं आहेत. डोकेदुखी दिवसेंदिवस वाढतेय, उलट्या होतात, झापड येते, एका बाजूचा हातपाय जड वाटतो, बोलणं अडखळतं, यातलं काहीही असेल तर मानसोपचाराची अपॉइंटमेंट बाजूला ठेवून त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. कवटीच्या आत हळूहळू साठलेलं रक्त कित्येक आठवड्यांनी लक्षणं दाखवतं.

मग मनाचं माप मनाच्या मोजपट्टीने घ्या. पीसीएल-५ नावाची वीस प्रश्नांची यादी आहे. गेल्या महिन्यात कोणता त्रास किती झाला याला ० ते ४ गुण, एकूण ८०. बेरीज ३१ ते ३३ च्या पुढे गेली की नीट तपासणी हवी. ही यादी म्हणजे निदान नव्हे. निदान मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ समोर बसून करतात. ते चार गोष्टी बघतात: नको असताना आठवण घुसते का, टाळाटाळ आहे का, स्वतःबद्दल आणि जगाबद्दलचे विचार काळवंडलेत का, आणि शरीर सतत सावध राहतं का. महिन्याच्या वर हे चालू असेल आणि रोजचं जगणं अडत असेल, तर पीटीएसडी. आपल्याकडचे पुरुष क्वचितच "मला भीती वाटते" म्हणतात. ते म्हणतात छातीत धडधडतं, डोकं जड होतं, कुणाचं बोलणं सहन होत नाही. दारू वाढली असेल तर तेही लक्षणातच धरा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

कुठे जायचं? १४४१६ ही टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची मोफत हेल्पलाइन चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचाराची ओपीडी असते. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतही बाहेरून येणाऱ्यांना तपासतात; तिथे गेलं म्हणजे भरती व्हावं लागतं हा गैरसमज आहे. जगण्यात अर्थ नाही, मेलो असतो तर बरं, असं भाऊ बोलला तर त्याला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी दाखवा.

उपचारकाला पहिल्याच भेटीत एक प्रश्न विचारा: "आघातावर केंद्रित सीबीटी किंवा ईएमडीआर तुम्ही करता का, आणि साधारण किती सत्रं लागतील?" सीबीटी म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारा मानसोपचार, ईएमडीआर म्हणजे डोळ्यांच्या ठरावीक हालचाली करत आठवण हाताळण्याची पद्धत. या उपचारांना साधारण ८ ते १५ सत्रं लागतात, बहुधा आठवड्याला एक, प्रत्येक ६० ते ९० मिनिटांचं. तीन-चार भेटी झाल्या आणि अजून "सकारात्मक विचार करा, प्राणायाम करा" यापलीकडे गाडी गेली नसेल, तर दुसरा उपचारक शोधा. प्राणायाम वाईट नाही, पण तेवढ्याने आठवणीतला काटा निघत नाही.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. "बोलून मोकळा हो" म्हणत भेटायला येणारा प्रत्येक जण अपघात पहिल्यापासून सांगायला लावतो. बोलल्याने बरं वाटतं हे अर्धसत्य आहे. अपघातानंतर लगेच एकाच बैठकीत सगळं वदवून घेण्याचा प्रयोग ऑक्सफर्डमध्येच अपघातग्रस्तांवर केला होता. तीन वर्षांनी पाहिलं, तर सुरुवातीला ज्यांना जास्त त्रास होता त्यांच्यापैकी ही बैठक झालेले अजून त्रासात होते, आणि न झालेले सुधारले होते. एकदाच उकरून तसंच सोडलं की जखम उघडी राहते. उपचारात आठवण ठरवून, पुन्हा पुन्हा, वर्तमानकाळात सांगवली जाते आणि त्याच बैठकीत ती शांत होईपर्यंत थांबलं जातं. पाहुण्यांसमोरच्या सांगण्यात ते घडत नाही. त्यामुळे घरी नियम एकच: तो स्वतःहून बोलला तर मध्ये न तोडता ऐकायचं, नाही बोलला तर उकरायचं नाही.

आता गाडीबद्दल, कारण खरी अडचण तिथेच आहे. टाळल्याने भीती तात्पुरती उतरते आणि कायमची बसते. प्रत्येक वेळी रिक्षाने गेल्यावर मन शिकतं की "गाडी टाळली म्हणून वाचलो". हे उलटं फिरवायला पायऱ्या लावायच्या. आधी हाडांच्या डॉक्टरांकडून गाडी चालवायची लेखी परवानगी घ्या. क्लच दाबताना हात सुटत असेल तर थांबा, ती भीती नव्हे, धोका आहे. गाडी सर्व्हिसिंग करून आणा, ब्रेक आणि टायर तपासा. मग एका वहीत भावानेच प्रत्येक प्रसंगाला ० ते १०० गुण द्यायचे: ० म्हणजे निवांत, १०० म्हणजे आयुष्यातली सर्वांत वाईट घाबरगुंडी.

अशा वहीत क्रम साधारण असा लागतो. पार्किंगमध्ये मेन स्टँडवरच्या बंद गाडीवर बसणं, ३०. तिथेच इंजिन चालू करून बसणं, हँडलची थरथर हातात येऊ देणं, ४०. रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात पहिल्या गिअरवर फेऱ्या, ४५. गल्लीत एक किलोमीटर, ५०. पहाटे सहाला मुख्य रस्ता, ६०. अपघाताच्या जागी दिवसा नुसतं जाऊन रस्त्याच्या कडेला सुरक्षित उभं राहणं, ७०. टेम्पो-ट्रकच्या रहदारीतून सिग्नलपर्यंत जाणं, ८०. त्याच जागेवरून गाडी नेणं, ९०. मागे कुणाला बसवून नेणं, हे बहुतेक चालवणाऱ्यांच्या वहीत सर्वांत शेवटी येतं, आणि भावाच्याही येईल असा माझा अंदाज आहे, कारण त्याच्या भीतीच्या मुळाशी मागे बसलेला मित्र आहे.

सुरुवात ३० ते ४० गुणांच्या पायरीपासून. रोज, ३० ते ४५ मिनिटं. बसताना गुण लिहायचे, दर पाच मिनिटांनी लिहायचे, आणि गुण साधारण निम्म्यावर येईपर्यंत उतरायचं नाही. पहिल्या दिवशी ४० वरून ६५ वर जातील, हात घामाने ओले होतील, पोटात गोळा येईल. तिथेच उतरायची घाई होते, आणि तिथेच उतरलं तर सगळं फुकट जातं, कारण मन पुन्हा तेच शिकतं: उतरलो म्हणून वाचलो. पुढच्या पायरीवर कधी जायचं? तीच पायरी चार-पाच दिवस केल्यावर सुरुवातीचेच गुण २० च्या आसपास आले की. मैदानाबाहेरच्या पायऱ्या मात्र उपचारकाशी बोलूनच. घाबरलेल्या अवस्थेत भर रहदारीत गाडी नेणं कुणाच्याच हिताचं नाही.

पायऱ्या फसतात त्या बहुधा छुप्या आधारांमुळे. सतत ब्रेकवर चार बोटं, दर दोन सेकंदांनी आरशात नजर, वीसच्या वर वेग नाहीच, प्रत्येक वेळी घरचं कुणीतरी सोबत. असे आधार एकेक करून सोडायचे. हेल्मेट यात येत नाही. हेल्मेट ही अक्कल आहे, ते कायम. निघताना नमस्कार करणं, रामरक्षा म्हणणं यालाही हरकत नाही. पण "आज म्हणायची राहिली, आता काहीतरी होणार" असं वाटून तो घरी परतत असेल, तर तोही भीतीचाच एक धागा आहे आणि तो उपचारकाला सांगायला हवा.

"मी ब्रेक आधी दाबला असता तर" हे मात्र पायऱ्यांनी जात नाही. त्यावर उपचारात वेगळं काम होतं: टेम्पो किती वेगात होता, दिसला कधी, त्या दोन सेकंदांत माहीत काय होतं आणि नंतर काय कळलं, हे कागदावर वेगळं मांडलं जातं. मित्राने एकदा त्याच्यासमोर बसून "तुझ्यामुळे झालं असं मला वाटत नाही" म्हटलं, तर फार मोठा भार उतरतो. मित्राला खरंच तसं वाटत असेल, तरच त्याला हे म्हणायला सांगा.

औषधांबद्दल. झोप येत नाही म्हणून क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम सर्रास लिहून दिलं जातं. पीटीएसडी यांनी बरा होत नाही. सवय लागते, आणि पायऱ्यांचं शिकणंही बोथट होतं. भाऊ ती कित्येक आठवडे रोज घेत असेल तर मात्र अचानक बंद करू नका, झटके येऊ शकतात. डॉक्टर हळूहळू कमी करतील. औषध लागलंच तर सर्ट्रालीनसारखी, नैराश्यावरही दिली जाणारी औषधं उपयोगी पडतात. ती सहसा २५ किंवा ५० मिलिग्रॅमपासून सुरू होतात, फरक दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात मळमळ आणि अस्वस्थता वाढू शकते. "आठवडा झाला, काही फरक नाही" म्हणून बरेच जण नेमकी तेव्हाच सोडतात.

वडिलांशी तुम्हीच बोला. भावाने स्वतःची बाजू मांडायला गेलं की पुन्हा नाटकाचाच आरोप होतो. त्यांना वादात हरवू नका, काम द्या: रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये त्याच्याजवळ अर्धा तास स्टूल टाकून बसायचं आणि दर पाच मिनिटांनी वेळ सांगायची. सल्ला द्यायचा नाही. गुण उतरताना स्वतःच्या डोळ्यांनी दिसले की नाटक हा शब्द बहुतेक घरांतून आपोआप जातो.

चूक टेम्पोची असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचं काम आत्ताच बघा. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने अर्जाला सहा महिन्यांची मुदत घातली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली, आणि तुमचे चार महिने गेलेत. मानसोपचाराचे केसपेपर, औषधांची बिलं, बिनपगारी रजेचा दाखला हे हाडाच्या कागदांइतकंच जपून ठेवा. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलं आहे की अवयवाचं अपंगत्व किती टक्के आणि कमाई किती टक्के बुडाली, हे दोन वेगळे हिशेब आहेत. डावा हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची जवळजवळ सगळी कमाई जाते, सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित तशीच राहते. भाऊ फिरतीच्या नोकरीत असेल आणि गाडीवर बसताच येत नसेल, तर हा मुद्दा वकिलाच्या कानावर घाला.

आणि मित्राकडेही लक्ष असू द्या. तो हसतो-बोलतो याचा अर्थ तो सुटला असा नाही. पायाला गंभीर दुखापत झालेल्या अमेरिकेतल्या रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात तीन महिन्यांनी ४८ टक्क्यांना मानसिक विकाराची शक्यता दिसली, आणि दोन वर्षांनीही ४२ टक्क्यांना. उपचार मिळालेले त्यातले थोडेच होते. पायाचं काम चालू असतं तोवर माणूस त्यातच गुंतलेला असतो. फिजिओ संपतो, भेटायला येणारे थांबतात, काठी सुटते, आणि मग रात्री जागं राहणं सुरू होतं. त्याचे सहा महिने पूर्ण होतील तेव्हा तीच वीस प्रश्नांची यादी त्याच्याही हातात द्या.